मायना, मोर्तब आणि 'आपला विश्वासू'

तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असो, वीज मंडळाकडे तक्रार करायची असो की बँकेकडे कर्जाची मागणी करायची असो, आपण कागदाच्या डोक्यावर 'महोदय' लिहितो आणि पायाशी 'आपला विश्वासू'. मधला मजकूर जमो न जमो, हे दोन शब्द चुकत नाहीत. पण कधी मनात येतं का, की ज्या साहेबाला आपण उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, त्याचे आपण विश्वासू कसे? आणि 'विश्वासू' हा शब्द तर आपण एरवी गड्याला, कारभाऱ्याला, फार तर राखणीच्या कुत्र्याला लावतो. तो आपल्या सहीवर येऊन कसा बसला?

त्याची हकीगत आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरती सांगता येण्यासारखी आहे, कारण या भागात पत्राचा मायना एकदा नव्हे, तीनचारदा बदलला. राज्य बदललं की कागदाचं डोकं बदले आणि पायही बदलत.

'मायना' हा शब्दच मुळी अरबी. मूळ अर्थ 'आशय'. मराठीत तो पत्राच्या आरंभीच्या ठरीव मजकुरापुरता उरला. हेमाद्रीने, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या त्या प्रसिद्ध हेमाडपंताने, पत्रे कशी लिहावीत याचे नियम घालून दिले, असे परंपरा सांगते. पण नळदुर्गच्या किल्ल्यावर आदिलशाही निशाण होतं त्या काळातले कागद पाहिले, तर त्यांची मांडणी थेट फारशी दफ्तराची. मजकूर मराठी, लिपी मोडी, आणि आरंभ मात्र 'अज रख्तखाने' किंवा 'अज दिवाण' असा. 'अज' म्हणजे 'कडून'. म्हणजे आधी कोणाकडून ते सांगायचं, मग कोणाला ते. पुढे 'कारकुनानि हाल व इस्तकबाल', म्हणजे सध्याचे आणि पुढे येणारे कारकून. मग 'बिदानंद', म्हणजे 'जाणावे'. एवढं झालं की हुकूम सुरू.

हा साज दिवाणाकडून देशमुखाला, देशमुखाकडून पाटलाला असा वरून खाली यायचा. शिवाजी महाराजांची सुरुवातीची पत्रेसुद्धा 'अज रख्तखाने राजश्री शिवाजीराजे' अशीच सुरू होतात. त्यात नवल काही नाही. पाटील-कुळकर्ण्यांना हुकूम म्हणून तोच कागद ओळखू येत होता. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि मायना पालटला. आता पत्र सुरू होऊ लागलं 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शक' असं. पुढे 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती यांणी आज्ञा केली ऐसी जे'. याच सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांचा, आणि त्यातला एक वर्ग निव्वळ लेखनाचा. राजाने नवं राज्य मांडताना किल्ले आणि घोडदळ यांच्या जोडीने पत्राची पहिली ओळही सुधारून घेतली, याचा अर्थ त्या ओळीला वजन होतं.

तरी फारशी पुसली गेली नाहीच. 'बिदानंद' गेलं, पण त्याचंच मराठी रूप 'जाणिजे' राहिलं. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' राहिलं. 'मोर्तब' म्हणजे 'सिद्ध केलेले' आणि 'सूद' म्हणजे फारशी 'शुद', 'झाले'. पत्र पुरं झालं, आता खाली कोणी काही घुसडू नये, म्हणून मारलेला हा खुंटा. महाराजांच्या पत्राशेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी लहान मुद्रा उमटे. तिचा अर्थही तोच, मर्यादा इथे आहे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज ग्रामसभेच्या ठरावालाही लावतो, तो या खुंट्यावरून आला.

ही झाली हुकुमाची तऱ्हा. बरोबरीच्या माणसांची रीत निराळी आणि फार गोड. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी', मग आपलं नाव, मग नमस्कार, आणि पुढे 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे'. इथलं क्षेम कळवलं, तिथलं विचारलं, मगच कामाचं बोलणं. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, हे विनंती'. घरगुती पत्रात आपण 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहायचो आणि पुढे त्याचं 'सा.न.वि.वि.' करून टाकलं. लांब मायना आखडून अक्षरांवर आणण्याची ही खोड आपलीच आहे असं मात्र समजू नका. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोच बंदराकडे गाड्यांनी जाई आणि तिथून पश्चिमेच्या जहाजांवर चढे, असं त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. त्या जहाजांच्या पैलतीरावर जे रोमन लोक होते, त्यांच्या पत्रांचा आरंभही 'तुम्ही खुशाल असाल तर उत्तम, मी खुशाल आहे' असाच असे. आणि तेही कंटाळून त्याची नुसती आद्याक्षरं लिहीत. त्यांचंही एक 'सा.न.वि.वि.'च होतं म्हणा ना.

पण या गोडव्याच्या आत एक कडवट गोष्ट दडलेली होती. मायन्यात नमस्कार लिहायचा, आशीर्वाद लिहायचा, रामराम लिहायचा, दंडवत लिहायचा की जोहार, हे लिहिणाऱ्याच्या मनावर नव्हतं. जात पाहून ते ठरे. १७७९ सालचा एक प्रसंग दफ्तरात नमूद आहे. मुंबईचे दैवज्ञ सोनार 'नमस्कार' हा शब्द वापरू लागले. पुण्याच्या पेशवे सरकारने त्याला हरकत घेतली आणि मुंबईच्या इंग्रज सरकारला लिहिलं. त्या वर्षीच्या ऑगस्टात इंग्रज कंपनी सरकारच्या मुंबई कौन्सिलाने ठराव केला की सोनारांनी नमस्कार म्हणू नये. समुद्रापलीकडून व्यापाराला आलेल्या कंपनीने आपल्या माणसांनी एकमेकांना काय म्हणावं याचा निवाडा दिला! एका शब्दासाठी दोन सरकारं कामाला लागली, कारण तो शब्द म्हणजे पायरी होती. म्हणूनच पुढच्या काळात 'जोहार' टाकून 'जय भीम' म्हणणं ही साधी बदलाबदल ठरली नाही.

बायकांच्या मायन्याचंही तेच. सवाष्णीला 'सौभाग्यवती', विधवेला 'गंगाभागीरथी'. पाकिटावरची दोन अक्षरं वाचून टपालवाल्यालाही बाईचं कुंकू आहे की गेलं ते कळे. ही चाल आपोआप मागे पडत चालली होती. २०२३ साली विधवांसाठी 'गं.भा.' हा शब्द सरकारी व्यवहारात आणण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा महाराष्ट्रभर त्यावर टीका झाली. ती व्हायलाच हवी होती.

आता इंग्रजी मायन्याकडे वळू. तो आपल्या जिल्ह्यात आला त्याला तारीख आहे. निजामाच्या मुलखात इंग्रजांनी पोसायला लावलेली फौज होती. तिचा पगार थकला, कर्ज वाढलं. २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. इंग्रजी कागदांत आपलं नाव 'धारासेव' असं दिसतं. या मुलखावर अंमलदार म्हणून आला कॅप्टन मेडोज टेलर. हा मोठा लिहिणारा माणूस. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती, आणि पुढे १८६३ मध्ये 'तारा' नावाची कादंबरी त्याने लिहिली, तिच्यात आपलं तुळजापूर आहे. १८५७ पर्यंत तो इथे होता.

त्याच्या काळच्या इंग्रजी सरकारी पत्राची ठेवण ठरलेली होती. आरंभी कोरडं 'सर'. पुढे 'आय हॅव द ऑनर टु', म्हणजे अमुक कळवण्याचा मान मला लाभत आहे. शेवटी 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. हे वाचून वाटेल की इंग्रजही आपल्यासारखाच वाकून लिहीत होता. पण इथे एक बारीक फरक आहे. आपल्याकडे खालचा वरच्याला 'सेवक' म्हणून लिही आणि वरचा खालच्याला 'जाणिजे' म्हणे. इंग्रजी रिवाजात हाताखालचा अधिकारी साहेबाला 'आज्ञाधारक सेवक' म्हणून लिही, आणि साहेब हाताखालच्याला उत्तर देताना पुन्हा तीच सही करी. दोघेही सेवक! म्हणजे कोणीच नाही. शब्द झिजून गुळगुळीत झाला, त्यातली गुलामी निघून गेली आणि नुसता शिष्टाचार उरला.

अर्थात हे कागदावर, आणि तेही त्यांच्या आपसात. बरोबरीचा प्रश्न खरोखर आला की काय होई, ते याच तहाच्या पुढच्या कथेत दिसतं. १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान, ज्यांच्यावरून आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, त्यांनी वऱ्हाड परत मागितलं. १९१८ साली त्यांना 'एक्झॉल्टेड हायनेस' आणि 'ब्रिटिश सरकारचा फेथफुल अ‍ॅलाय', म्हणजे विश्वासू दोस्त, असे किताब मिळाले होते. दोस्त म्हटल्यावर बरोबरीनं बोलता येईल असं त्यांना वाटलं असावं. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी साफ कळवलं की कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी समान पातळीवर वाटाघाटीचा हक्क सांगू शकत नाही. किताबातला 'विश्वासू' आणि पत्रातला हिशेब यांची अशी फारकत झाली.

जिल्हा निजामाकडे परतला आणि मायना पुन्हा फिरला. सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिलाबंदी केली, कलेक्टराच्या जागी अव्वल तालुकदार आले. दफ्तराची भाषा आधी फारशी, १८८४ पासून उर्दू. शेतकऱ्याला दाद मागायची तर अर्जनवीसाकडे जावं लागे. तो उर्दूत लिही, 'बखिदमत जनाब तहसीलदार साहेब', आणि शेवटी शेतकऱ्याच्या नावाआधी 'फिदवी'. फिदवी म्हणजे आपल्यावरून जीव ओवाळून टाकणारा. बिचाऱ्याला बांधाची तक्रार करायची असे, आणि सही होई जीव ओवाळण्याची! आपण काय लिहून दिलं हे त्याला वाचताही येत नसे. माझ्या मते या भागातल्या पत्रव्यवहाराच्या इतिहासातलं खरं दुःख इथे आहे. मायना लांब की आखूड हा मुद्दा गौण आहे. स्वतःच्या अर्जातला शब्द स्वतःला न कळणं, हे मोठं.

सोलापूर-बार्शीकडे जमीन किंवा व्यापार असलेल्याची आणखी निराळी तऱ्हा. तो इंग्रजी मुलूख. तिथे अर्ज मराठीत चाले, 'मेहेरबान कलेक्टर साहेब' असा. त्या 'मेहेरबान'चं 'मे.' झालं आणि ते कोर्टाच्या कागदांवर आजही आहे, 'मे. न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात'. गंमत पाहा, व्यापाऱ्याच्या बिलावर 'मे. अमुक आणि कंपनी' असतं, ते 'मे.' वेगळं. ते 'मेसर्स', मूळ फ्रेंच, अर्थ 'सभ्य गृहस्थ हो'. एकच अक्षर, एक फारशीतून आलेलं, एक इंग्रजीच्या पाठीवरून. गुरुजींनी मुलांना विचारावा असा हा प्रश्न आहे.

व्यापारी पत्रांत मात्र इंग्रजी आणि मराठी यांचं बरं जुळलं. इंग्रज व्यापारी समोरच्याच्या पत्राला 'फेवर' म्हणे. आपला आडत्या 'आपले कृपापत्र पावले, मजकूर कळला' असं लिहीतच होता. इंग्रजी व्यापारी पत्रात 'डिअर सर' आलं आणि शेवटी 'युवर्स फेथफुली'. जुनं 'आज्ञाधारक सेवक' लांबलचक पडू लागलं, तसं हे आखूड रूप सरसकट झालं. त्यातही नियम आहे. 'डिअर सर' म्हणून अनोळखी माणसाला लिहिलं तर शेवटी 'फेथफुली', नाव घेऊन लिहिलं तर 'सिन्सिअरली'. डोकं आणि पाय एकाच अंगाचे हवेत. आपल्याकडेही 'तीर्थरूप' लिहून शेवटी 'आपला विश्वासू' कोणी लिहिलं तर बाप चक्रावूनच जाईल.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा. इंग्रजी पत्राचा साचा मराठीत उतरला. 'सर'चं 'महोदय', 'सब्जेक्ट'चा 'विषय', 'रेफरन्स'चा 'संदर्भ' आणि 'युवर्स फेथफुली'चा 'आपला विश्वासू'.

यात 'डिअर' तेवढं अंगी लागलं नाही. 'प्रिय महोदय' म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळते, कारण आपल्याकडे प्रिय म्हणजे खरोखरच प्रिय. आता बँकेचे मोबाइलवरचे संदेश 'प्रिय ग्राहक' म्हणतात, पण तो लाडिकपणा कर्जाच्या हप्त्याची आठवण द्यायला आलेला असतो. आणि 'विश्वासू'चंही भाषांतर थोडं सरकलं. 'फेथफुली' म्हणजे निष्ठेनं वागणारा. 'विश्वासू' म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्यानं विश्वास ठेवावा असा. इंग्रज स्वतःबद्दल वचन देतो, आपण स्वतःला प्रशस्तिपत्र देतो. शिवाय इंग्रजीत बाई-पुरुष भेद नाही. आपल्याकडे 'आपली विश्वासू' निराळं. 'आपला स्नेहांकित', 'कृपाभिलाषी' हे जुने घरचे शब्द जवळ असताना हा उसना कशाला घेतला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. 'कृपाभिलाषी' म्हणजे कृपेची इच्छा धरणारा. तहसील कार्यालयात सातबारा मागायला गेलेल्या माणसानं कृपा का मागावी? 'विश्वासू' कोरडा आहे, पण त्यात हात जोडलेले नाहीत. आणि कार्यालयाचं उत्तर येतं तेव्हा त्याखालीही 'आपला विश्वासू'च असतं. 'फिदवी'च्या जागी हा शब्द आला, यात तोटा झालाच असेल तर तो 'येथील कुशल'चा. कामाच्या कागदातून खुशाली विचारणं गेलं, ते गेलंच. शाळेत अजून काही ठिकाणी रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहवून घेतात. हा 'ओबीडियंट सर्व्हंट'चा शेवटचा नातू. गुरुजींनी त्याला आता निरोप द्यायला हरकत नाही. 'आपला विद्यार्थी' पुरेसं आहे.

जुने मायने मात्र शिकवण्यासारखे आहेत, आणि ते हौसेखातर नव्हे. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळची दफ्तरं उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. घरोघरच्या पेट्यांतूनही कागद बाहेर निघाले. असा मोडी कागद हाती आला की अक्षरांच्या माळेनं माणूस गांगरतो. पण मायना ठरीव असतो, ही मोठी सोय आहे. पहिल्या ओळीत 'राजश्री' आणि 'यांसी' असणार हे ठाऊक असलं की तेवढी अक्षरं ओळखता येतात आणि त्यांच्या आधारानं पुढची. नुसतं 'छ' अक्षर आणि आकडा दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. साल अरबी शब्दांत असतं. 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६३. हे शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७६२ निघतं, आणि ते वर्ष मे-जूनपासून पुढे धरायचं. 'जाणिजे' दिसलं तर कागद वरून खाली आलेला, 'विज्ञापना' दिसली तर खालून वर गेलेला. 'मोर्तब सूद' दिसलं की तिथं थांबायचं.

त्याच्याही खाली कधीकधी चित्रं असतात. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या त्या सह्या. कुळकर्णी नाव लिही आणि शेजारी 'निशाणी' काढली जाई. कुणब्याचा, पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, बाईची बांगडी, कारागिराचं हत्यार. पुढे इंग्रजी अमदानीत अंगठा आला. विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं १८५८ साली बंगालात एका करारावर सहीच्या जोडीला पंजाचा ठसा घेतला, तिथून बोटांच्या ठशांचा सरकारी कारभारात शिरकाव झाला. नांगर गेला, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आली. तो अंगठा आता रेशन दुकानातल्या यंत्रावर टेकवतात. त्याला शाई लागत नाही, आणि वर 'महोदय' नाही की खाली 'विश्वासू' नाही.